समाप्तच्या पाटीनंतर

"घाम पूस आधी. मध्यरात्री हिरीवर कुणाला घाम सुटतो का?"

केरबाअण्णा खेकसले आणि हिरोनं मुकाट्यानं कपाळ पुसलं. डोक्यावर मे महिन्याचं ऊन होतं, टळटळीत दुपार होती, आणि आम्ही रात्र करत होतो. मकबूलभाईनं कॅमेऱ्याच्या भिंगापुढं निळी काच लावली होती, उजेड कमी आत जावा म्हणून भिंगाचं तोंड बारीक केलं होतं. आकाश कुठं दिसू नये अशा बेतानं कॅमेरा खाली झुकवला होता, कारण झाडाला, भिंतीला, माणसाला खोटं बोलायला लावता येतं, आकाश काही ऐकत नाही. विहिरीच्या कठड्याची काळीशार सावली उद्या पडद्यावर चांदण्यातली सावली होणार होती. हिरोच्या हातात कंदील होता. त्या उन्हात खरी ज्योत पेटली का विझली हेच कळेना, म्हणून आत बॅटरीचा दिवा बसवला होता.

"रायटर, तुझी सावली आत येतीया. सरक."

मी सरकलो. रायटर म्हणजे मी, हणमंत. नववी नापास. इचलकरंजीच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचो. खिळे जुळवता जुळवता लोकांचं लिखाण उलट्या अक्षरांत वाचत गेलो आणि एक दिवस वाटलं, यापेक्षा बरं तर मी लिहीन. कुणाला विचारलं नाही. लिहिलं. भुताचा सिनेमा लिहिला. त्यावर नाकं मुरडणारे शहाणे मला तेव्हाही भेटले आणि आजही भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो की दोनशे अनोळखी माणसांचा श्वास एकाच क्षणाला अडकवून दाखवा, मग बोलू.

पण खरं सांगायचं तर मला दोनशे माणसं नको होती. मला एक माणूस पाहिजे होता. बाकीचा महाराष्ट्र घाबरो न घाबरो, तो एक माणूस टॉकीजच्या खुर्चीत घाबरला पाहिजे, एवढ्यासाठी मी तो सिनेमा लिहिला होता. आणि ते कसं होणार याची मला धास्ती लागली होती, कारण आमचे दिग्दर्शक केरबाअण्णा सुतार माझ्या कथेतून भूतच काढून टाकत होते.

"ॲक्शन."

हिरो कंदील धरून विहिरीपाशी आला. वाकून आत बघितलं. कॅमेरा त्याच्यावरनं हळूहळू रहाटाकडं वळला. माझ्या कागदावर इथं लिहिलेलं होतं: रहाटाशेजारी हडळ उभी. केस मोकळे, पाय उलटे, डोळ्यांत निखारे. कॅमेरा रहाटापाशी पोचला. तिथं कुणी नव्हतं. रहाट तेवढा फिरत होता, आपला आपण, सावकाश. दोर वर येत होता. दोराच्या टोकाला घागर नव्हती, काहीच नव्हतं. फक्त दोराचं टोक ओलं होतं. कॅमेरा तितकाच सावकाश परत हिरोकडं वळला, पण अण्णांनी त्याला मधोमध घेतलं नाही. चौकटीच्या एका कडेला ढकललं, आणि उरलेली सगळी काळी जागा रिकामी सोडली.

"कट. झकास."

"काय झकास?" मी म्हणालो. "अण्णा, हडळ कुठाय?"

"न्हाई आली."

"न्हाई आली म्हणजे? मी लिहिलीय."

"तू लिहिलीस. मी खोडली." अण्णांनी पानाचा तोबरा एका गालातनं दुसऱ्या गालात सारला. माणूस बुटका, पोट सुटलेलं, आवाज मात्र सगळ्या मळ्यात ऐकू जाणारा. आपल्याइतकं कुणालाच काही कळत नाही अशा थाटात बोलायचे, आणि माझी पंचाईत अशी की बहुतेक वेळा ते खरं असायचं. "ती रिकामी जागा बघितलीस? ती मी पब्लिकला भाड्यानं दिलीय. तितं ज्यानं त्यानं आपापलं भूत आणून हुबं करायचं. तुझी निखाऱ्याची बाई एकालाच भिववंल. माझ्या मोकळ्या जागेत ज्याला जे भ्या हाय ते येऊन बसंल."

"एकालाच भिववली तरी मला चालंल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाले, "जेवायला सुट्टी करा."

या भांडणात माझ्या बाजूनं एकच माणूस होता, आमचे निर्माते चौगुलेशेठ. लग्नाचे मांडव आणि लाउडस्पीकर पुरवणारा माणूस. त्यांनी मुंबईहून एक रबरी तोंड मागवून घेतलं होतं. सडलेली कातडी, एक डोळा लोंबता, गालाच्या भोकातून दोन अळ्या. पेटी उघडून ते येईल जाईल त्याला दाखवायचे.

"हणमंतराव, अण्णांना सांगा की. हे तोंड एकदा तरी दाखवा. लोक काय रिकामा दोर बघायला येणार हायत?"

"शेठ, माझं तेच म्हणणं हाय," मी म्हणायचो.

बाभळीखाली झुणका-भाकरीची ताटं मांडली होती. मालनताई एकटीच बाजूला बसली होती. ती सांगलीची, नाटकात मुरलेली, पल्लेदार आवाजाची. आमच्या सिनेमातली मेलेली बाई तीच. केसांना तेल-पाणी लावून लगदे केलेले, अंगावर ओलं हिरवं लुगडं. पांढरी साडी अण्णांनी पहिल्याच दिवशी परत पाठवली होती. म्हणाले होते, पांढरी साडी नेसून हिरीत कोण पडतं? घरात नेसलेलं असंल त्यातच जाती बाई.

"या लेखकमहाराज," मालनताई म्हणाली. "बसा. माझ्या पाठीशी बसू नका म्हंजे झालं. सगळ्या पिक्चरमध्ये माझी पाठच हाय."

"तोंड दाखवायला पाहिजे होतं तुमचं."

"माझं न्हाई, त्या शेठच्या रबराचं दाखवायचंय तुम्हाला. ऐकलंय मी." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "पाठ, हात, बांगड्या, ओल्या पावलांचे ठसे. घरच्यांनी विचारलं, काय काम करतीस, तर काय सांगू? ठसे उमटवती?"

मी हसलो नाही. ती माझ्याकडं बघत राहिली.

"एक विचारू का रं? बाकी सगळी माणसं तू लिहिलीयास. ही बाई लिहिलेली न्हाई. ही तू बघितलीयास. कोण हुती?"

मी भाकरी ताटात ठेवली. आजवर मी हे युनिटात कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या बाईच्या अंगावर ओलं हिरवं लुगडं होतं आणि ती मला एकेरीत विचारत होती, थोरल्या बहिणीनं विचारावं तशी.

"शेवंता," मी म्हणालो. "माझी अक्का."

मग सांगितलं. अक्का सासरच्या मळ्यातल्या विहिरीत सापडली. पाणी शेंदताना पाय घसरला असं कागदावर आलं. घागर घरात जागच्या जागी होती, कोरडी. अंगावरचे वळ आईनं स्वतः बघितले. ओरडून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. दाजी, म्हणजे अक्काचा नवरा जयसिंग, गावात मोठा माणूस. त्यानं दहावं उरकायच्या आतच चावडीवर गोष्ट सांगायला सुरुवात केली: शेवंता हडळ झालीय, विहिरीतनं हाका मारतीय, मला बोलावतीय. लोक त्याच्याच पाठीवरनं हात फिरवायला लागले. बिचारा जयसिंग. वर्षाच्या आत त्याला दुसरी पोरगी मिळाली. विहिरीकडं कुणी फिरकेना, आणि ती विहिरीत कशी गेली हे कुणी विचारेना.

"मारून टाकली आणि वर भूत केली," मी म्हणालो. "मग म्हटलं, भूत तर भूत. असं भूत लिहितो की त्याची झोप उडाली पाहिजे. टॉकीजमधी बसून धोतरात मुतला पाहिजे."

मालनताईनं भलतंच विचारलं.

"हसायची कशी?"

"कोण?"

"शेवंता. मेली कशी ते मला कळलं. हसायची कशी?"

आठवावं लागलंच नाही. "ऊस सोलताना पुढचा दात अर्धा तुटला होता. त्यामुळं हसायला आलं की तोंडावर हात धरायची. पण खरंच हसू फुटलं ना, की हात वर जाता जाता विसरायची. अर्ध्यातच राहायचा हात. मग तो दात दिसायचा."

"कुठला दात?"

"हा. डावीकडचा."

तिनं मान हलवली आणि भाकरी संपवली. हात धुऊन उठली तेव्हा मी बघितलं, ती अण्णांच्या कानाशी लागून काहीतरी बोलत होती. अण्णा नेहमीसारखे मधे तोंड घालत नव्हते, हेच नवल वाटलं.

दुपारनंतर मढ्याचा शॉट होता. विहिरीच्या पायऱ्यांवर बाई सापडते तो. मालनताई सगळ्यात खालच्या पायरीवर पालथी झोपली, केस तोंडावर ओढून घेतले, एक हात पाण्यात सोडला. हिरव्या बांगड्या पाण्याला टेकल्या. मी वरून एकदाच बघितलं आणि जीपच्या मागं जाऊन उभा राहिलो. मी लिहिलं होतं सगळं, पण बघवलं नाही.

अण्णांच्या युनिटात एक रीत होती, ती इथं सांगितली पाहिजे. ज्यानं मेल्याचं सोंग केलं, त्याला शॉट झाल्या झाल्या उठवायचं, आणि कॅमेरा चालूच ठेवून भिंगात बघून हसायला लावायचं. फिल्मवर कुणाचं मेलेलं तोंड शेवटचं राहू द्यायचं नाही. अपशकुन नको. म्हातारा असो, पोर असो, हसल्याशिवाय सुट्टी नाही. त्या वेळी सगळं युनिट टाळ्या पिटायचं, कोण शिट्टी मारायचं, चौगुलेशेठ फिल्म फुकट जाते म्हणून कुरकुरायचे. तो तुकडा सिनेमात कधी घ्यायचा नाही. तो कापून विहिरीत नाहीतर नदीत सोडायचा. अण्णा भुताला मानत नव्हते, पण ही रीत मोडत नव्हते.

जीपमागून मला सगळं ऐकू येत होतं.

"कट... न्हाई, थांबा. कॅमेरा चालू ठेव. मकबूल, काच काढ."

"काच? अण्णा, काच काढली तर ऊन येईल."

"येऊ दे. काढ. भिंग मोकळं कर. हां. मालन, ऊठ आता. हस."

मी टाळ्यांची वाट बघत होतो. टाळ्या आल्या नाहीत. शिट्टी नाही. चौगुलेशेठही बोलले नाहीत. फक्त कॅमेऱ्याची घरघर चालू होती, ती नेहमीपेक्षा लांबली. मग अण्णांचा आवाज आला, पण एवढा हळू की त्यांचाच का अशी शंका यावी.

"कट."

मी पुढं गेलो तेव्हा मालनताई पायऱ्या चढून वर येत होती. पदरानं दातावरचं काहीतरी काळं पुसत होती.

"काय झालं?"

"काय हुणार? हसले," ती म्हणाली, आणि लुगडं बदलायला तंबूत गेली.

पुढचे महिने कोल्हापुरात सिनेमाची कापाकापी चालली. छापखान्यातून सुटलो की मी एसटी धरायचो आणि अण्णांच्या मागं स्टुलावर बसायचो. भांडायला जायचो, पण गप्प बसून बघत राहायचो. त्या माणसाच्या हातात काय होतं ते मी तिथं बघितलं. हिरोईन अंधाऱ्या माजघरात जाते, कपाटाचं दार उघडते, आरशात मागं काहीतरी दिसणार म्हणून आपण मूठ आवळतो. आरशात काही नसतं. आपण मूठ सोडतो. तिथंच उतरंडीवरनं मांजर उडी मारतं. आपण दचकतो, मग आपल्याच भित्रेपणाला हसतो. आणि हसू तोंडावर असतानाच अण्णा ते दाखवायचे: मांजर जिथं बघून फिस्कारतं आहे, तिथं फरशीवर ओलं पाऊल.

"मांजर कशाला घातलं म्हाईत हाय?" अण्णा म्हणायचे. "हसवायला. हसलेला मानूस ढिला असतो. ढिल्या मानसाला मारायचं."

आवाज तर ते हातानं करायचे. बांगड्यांसाठी खऱ्या काचेच्या बांगड्या, त्या नुसत्या वाजवायच्या नाहीत, पाण्याच्या बादलीत बुडवून वाजवायच्या. पावलांसाठी ओलं फडकं फरशीवर. आणि जिथं वाटायचं की आता ढोल-ताशे वाजवतील, तिथं सगळा आवाज तोडायचे. रातकिडेसुद्धा बंद. त्या शांततेत मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू यायचं. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. तंबूच्या सिनेमात दोरखंड ओढण्यापासून सुरुवात केलेला माणूस, पण हे असं करायचा की जणू लोकांच्या छातीत हात घालून बसलाय. मी आजवर एवढे दिग्दर्शक बघितले, चांगले शिकलेले, कौतुक झालेले. अण्णांच्या पासंगाला एक पुरणार नाही. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

पण माझं भूत काही येत नव्हतं. शेवटच्या रीळापर्यंत नुसती पाठ, हात, बांगड्या, ठसे. एक दिवस माझा तोल गेला. रबरी तोंडाची पेटी मी टेबलावर आपटली.

"हे एकदा तरी घाला. शेवटाला. तुमच्या मांजरानं आणि फडक्यानं तो न्हाई भिणार."

"तो म्हंजे तुझा दाजी."

म्हणजे मालनताईनं सगळं सांगितलं होतं. मी म्हणालो, "व्हय. माझा दाजी."

अण्णांनी मशीन बंद केलं. पान थुंकून आले. मग विचारलं, "मला एक सांग. त्या गावात हडळीची गोष्ट पयल्यांदा कुणी सांगितली?"

"त्यानंच."

"त्यानंच." अण्णांनी पेटी उघडली, तो लोंबता डोळा बोटानं हलवून बघितला, पेटी लावली. "मग हे दाखवून काय करतोस? त्याची गोष्ट त्यालाच सांगणार? मी इतं बसून भूत बनवतो, मला कधी भुताचं भ्या वाटतं का? त्यालाबी वाटणार न्हाई. आमचा धंदा एकच हाय, त्याचा आणि माझा."

"मग त्याला कशाचं भ्या वाटंल?"

"बघू," अण्णा म्हणाले, आणि मला घरी घालवलं.

मी पुन्हा तिकडं गेलो नाही. वाटलं, संपलं. एवढं लिहिलं ते शहरातल्या कॉलेजच्या पोरींना किंचाळायला लावण्यासाठी. रबरी तोंड चौगुलेशेठनी पोस्टरवर छापलं, कारण अण्णांनी पोस्टरपुरती परवानगी दिली. सिनेमात नसलेलं तोंड सगळ्या जिल्ह्याच्या भिंतींवर लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात सिनेमा दाजीच्या तालुक्याच्या टॉकीजला लागला. अण्णांचा निरोप आला: पहिल्या दिवशी बाराच्या खेळाला जा. समाप्तची पाटी आली तरी उठू नकोस.

मी निघालो तर आई दारात चपला घालून उभी.

"मलाबी यायचंय."

"आई, ते तुझ्यासारखीनं बघायचं न्हाई. भुताचं हाय."

"शेवंताचं हाय ना?" ती म्हणाली. मी तिला घेऊन निघालो.

आईनं आयुष्यात देवादिकांचे दोनतीन सिनेमे बघितले असतील. अक्का गेल्यापासून ती कमीच बोलायची. शक्ती होती तेवढी भांडली होती, मग थांबली होती. टॉकीजमध्ये आम्ही मागच्या बाजूला बसलो. आणि समोर दोन रांगा सोडून दाजी होता.

त्याला आणायला मला काही करावं लागलं नव्हतं. तो स्वतःच आला होता, चार दोस्तांना घेऊन, पोस्टर बघून. पायातल्या करकरीत कोल्हापुरी काढून त्यानं पाय पुढच्या रिकाम्या खुर्चीवर टाकले होते आणि मोठ्यानं सांगत होता, "आमच्याच हिरीची गोष्ट चोरलीय कुणीतरी. खरी हडळ मी बघितलीय, ह्यांनी काय दाखवायची?"

"जयसिंग, भिऊ नगंस बरं का," एक दोस्त म्हणाला.

"मी? अरे ती माझीच बायको हाय," दाजी म्हणाला, आणि पाचही जण हसले.

आईनं ऐकलं. पदर घट्ट केला. मी तिच्या हातावर हात ठेवला, तिनं तो बाजूला केला. "बघू दे," म्हणाली.

अंधार झाला. सिनेमा सुरू झाला.

खोटं कशाला सांगू, सिनेमा बघताना मी दाजीला अधूनमधून विसरत होतो. उन्हात केलेली ती रात्र पडद्यावर इतकी थंडगार दिसत होती की बायकांनी अंगाभोवती पदर ओढून घेतले. रिकामा दोर वर आला तेव्हा मागून एका बाप्यानं "अयाई" केलं. कडेला ढकललेला हिरो आणि त्याच्या बाजूची काळी जागा: मी ती उन्हात बघितली होती, तिच्या लगेच पलीकडं, चौकटीबाहेर, एक पिवळ्या टोपीतला लाइटवाला उभा होता हे मला माहीत होतं, तरी माझे डोळे त्या जागेवरून हलेनात. मांजराला सगळी टॉकीज दचकली, हसली, आणि पावलाच्या ठशाला एकदम गप्प झाली. अण्णा बोलले होते तसंच. ढिली पडली आणि मार खाल्ला.

पण दाजी हसत होता. शेंगा खात होता. टरफलं पुढं फेकत होता. लोक किंचाळले की तो अंग हलवून हसायचा आणि दोस्तांना सांगायचा, "आता बघा, ती दाराआड असणार." आणि ती दाराआडच असायची. त्याला सगळं आधी कळत होतं. बांगड्या कुठं वाजणार, दिवा कुठं विझणार, सगळं. अण्णांचं बोलणं खरं होतं, त्यांचा धंदा एकच होता. मढ्याचा शॉट आला, पालथी बाई, केस, पाण्यातला हात. आई हलली नाही. मी मान खाली घातली. दाजी शेंगा फोडत होता.

कथा संपली. विहीर बुजवली, हिरो-हिरोईन बैलगाडीतून निघाले, पडद्यावर पाटी आली: समाप्त. लोकांनी सोडलेला श्वास ऐकू आला. खुर्च्या खडखडल्या. माणसं उठली, एकमेकांना चिडवायला लागली, कोण पोराला हाक मारायला लागलं. दाजी उठला, पडद्याकडं पाठ करून आळस दिला, दोस्तांना म्हणाला, "बघितलं? काय सुदीक न्हाई."

आणि पडदा पेटला.

खरंच पेटल्यासारखा वाटला. इतका वेळ निळ्या अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर दुपारचं पांढरं ऊन आदळलं. तीच पायरी. तेच पाणी, पण चमकणारं. आवाज बिलकुल नाही, फक्त मागच्या खोलीतल्या मशीनची टकटक. पायरीवर पालथी पडलेली हिरव्या लुगड्यातली बाई हात टेकून उठून बसली. तोंडावरचे ओले केस तिनं दोन्ही हातांनी मागं सारले. सगळ्या सिनेमात न दिसलेलं तोंड. साधं तोंड, उन्हानं डोळे बारीक केलेलं. तिनं सरळ टॉकीजमध्ये बघितलं, एकेकाकडं. मग तिला हसू यायला लागलं. हात तोंडाकडं निघाला, अर्ध्यात आला आणि तिथंच विसरला. ती हसली. डावीकडचा अर्धा दात दिसला.

सगळी टॉकीज जिथल्या तिथं उभी होती. कुणी किंचाळलं नाही. दाजीचा दोस्त दाजीच्या खांद्यावरून पडद्याकडं बघत होता आणि त्याचं तोंड उघडं पडलं होतं. "जयसिंग," तो म्हणाला. "मागं बघ."

दाजी वळला.

मी याच क्षणासाठी तो सिनेमा लिहिला होता. त्याचं तोंड मला बघायचं होतं. पण माझ्या दंडाला आईची बोटं रुतली आणि मी तिकडं बघितलं. ती उभी राहिली होती. डोळे पडद्यावर. पडद्यावरच्या उन्हाचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता, आणि तिचा हात, तोंडाकडं निघालेला, अर्ध्यात थांबला होता. आईलाही तीच सवय होती, हे मी त्या दिवसापर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

"हसली रं," आई म्हणाली. "माझी शेवंता हसली."

मग पडदा विझला आणि दिवे लागले.

दाजीच्या रांगेत चारच माणसं होती. बाजूचं दार सताड उघडं होतं, त्यातून ऊन आत आलं होतं. खुर्चीवर शेंगा सांडल्या होत्या आणि खुर्चीखाली त्या करकरीत कोल्हापुरी चपला तशाच होत्या, शेजारी शेजारी. एक दोस्त वाकून त्या उचलायला लागला.

"राहू देत," आई म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. तो माणूस वाकलेलाच राहिला. "हात लावू नगंस. त्याला म्हणावं, ती आत हाय. येऊन ने."

त्यानं चपला खाली ठेवल्या.

आम्ही बाहेर आलो. रस्ता तापून पांढरा झाला होता. पलीकडं रसाच्या गुऱ्हाळापाशी दाजी उभा होता, अनवाणी, डांबरावर एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत, दुसरा उचलून पहिल्यावर. नजर टॉकीजच्या दाराकडं. आई त्याच्या समोरून हळूहळू चालत गेली, त्याच्याकडं न बघता. मी स्टँडच्या वळणावरून मागं वळून पाहिलं. पुढच्या खेळाची माणसं आत चालली होती, दार उघडंच होतं. तो तिथंच नाचत होता.